सुकलालनानाची बिनटपाची गाडी

आमच्या गल्लीत सुकलालनानाच्या गाडीत बसायचं तर आधी घंटी वाजवावी लागते. समोरच्या काचेच्या चौकटीला त्यानं पितळी घंटी बांधली आहे, तिला दोरी. शेजारी बसणाऱ्यानं दोरी दोनदा ओढायची. डबल बेल मिळाली की नाना गिअर टाकतो. एकदाच ओढली तर चालू गाडी बंद करतो आणि हात मांडीवर ठेवून बसतो. "सिंगल बेल म्हणजे थांबा. नियम शे."

ही एसटी असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ही दोन माणसांची लाल विलायती गाडी आहे. नाक लांब, बसलं की बूड रस्त्याला लागेल इतकी बुटकी, आणि वर टप नाही. असल्या गाड्या जुन्या काळी शर्यतीत पळायच्या म्हणे. दोंडाईच्यात ती एका जिनिंगवाल्या शेठनं हौसेनं आणली. शेठ गेला, जिनिंग बंद पडलं, आणि गाडी सरकीच्या गोदामात पडली. तिथं कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. नाना तेव्हा नुकताच एसटीतून रिटायर झालेला. धुळे-दोंडाईचा करून करून त्याच्या पोटाला स्टेअरिंगचा आकार आला होता. अशा वेळी माणसानं काशीला जावं. हा भंगाराच्या भावात ती गाडी घेऊन आला, बैलजोडी लावून, ओढत. एक कोंबडी आत बसलेलीच होती.

नानाला बायको नाही, पोर नाही. लग्नच केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "ड्युटी आड आली." माझी बायको तेव्हा होती. ती ओट्यावरून गाडीकडे बघून म्हणाली, "बरं झालं, नानाला घरात कोणीतरी आलं." मी म्हटलं, घरात कुठं, अंगणात आलंय, आणि तेल गळतंय.

गाडी मागे घ्यायची असली की शेजारच्यानं खाली उतरायचं, मागे जायचं आणि पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं. गाडी एवढीशी. नुसती मान वळवली तरी सगळं दिसतं. पण नाना मान वळवणार नाही. "मागची जबाबदारी कंडक्टरची." एकदा माझा अंगठा चाकाखाली आला. मी बोंब मारली तर नाना समोर बघतच म्हणाला, "थांबा म्हणालास का तू?"

असा हा माणूस. आणि तरी आमच्या गल्लीतल्या सासुरवाशिणींचा त्याच्यावर जीव. त्याला कारण आखाजी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात पोरी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खातात. पण पोरगी आपल्या पायानं येत नाही. माहेरच्या माणसानं तिला आणायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. पूर्वी भाऊ जायचे. आता निम्म्या गल्लीचे भाऊ सुरतेला. त्यांना सुट्टी मिळत नाही, ते फोनवर सांगतात, "बसनं ये ना ताई." पोरगी येते, पण तोंड उतरवून. सासरी बोलणी बसतात ते वेगळंच, "तुला न्यायला कोणी नाही वाटतं." नानानं हे एकदा ऐकलं आणि त्या वर्षापासून गल्लीचा मुराळी झाला. एक पोरगी शेजारी, तिचं लेकरू तिच्या मांडीवर, पिशवी मागच्या खोबणीत. लाल गाडी सासरच्या दारात उभी राहिली की सासू आधी केस नीट करायची, मग चहा ठेवायची.

गेल्या आखाजीला मात्र घात झाला. रामाण्णाच्या कमलला आणताना चिमठाण्याजवळ गाडीचा तळ गंजून सुटला आणि कमलची सीट खाली गेली. रस्ता आणि पोरगी यांच्यात वीतभर अंतर. कमल दोन्ही हातांनी दार धरून ओरडतेय आणि नाना विचारतोय, "बेल दिली का? बेल दे!" घंटी वर राहिली, कमल खाली गेली. बेल देणार कशी?

त्या दिवसापासून बठ्ठी, म्हणजे झाडून सगळी गल्ली एका बाजूला. गाडी भंगारात द्या, नवी घ्या. मीही तेच बोललो, जरा जास्तच स्पष्ट बोललो. म्हटलं, "नाना, तू आणि ती, दोघांपैकी एकानंच वर्ष काढायचं असेल तर तू काढ."

नानाचा पुतण्या दिलीप, सुरतेला कापडाच्या धंद्यात आहे, चांगला पोरगा. यंदा आखाजीला महिना राहिला असताना तो पांढरी नवी गाडी घेऊन आला. म्हणाला, "काका, ही तुमची. आठ दिवस चालवून बघा. आवडली की जुनी मी नेतो." गल्ली जमली. नाना आत बसला. काचा आपोआप वर गेल्या. गाडी पी पी करायला लागली.

"हिला काय झालं?"

"काका, पट्टा लावा."

लावला. परत पी पी.

"आते?"

"दार नीट लागलं नाही."

दार लावलं. नानानं सवयीनं मला मागे थाप मारायला पाठवलं आणि गाडी मागे घेतली, तर ती आणखीच किंचाळली. मागे शेवंताकाकूची म्हैस होती. म्हैस घाबरली, मी घाबरलो. नाना खाली उतरला. "सारा जन्म मी कंडक्टरचं ऐकलं रे दिलीप. तू आता कंडक्टर इंजिनात बसवून आणलास?"

लोक हसले. पण खरं सांगायचं तर नाना मनातून खचला होता. रोज संध्याकाळी नवी गाडी जरा फिरवायचा, गार हवेत बसायचा, उतरल्यावर म्हणायचा, "कंबर दुखत नही भो." लाल गाडीवर त्यानं ताडपत्री टाकली होती. मला वाटलं, ठरलं.

त्याच दिवसांत माझ्या मंदाचा एरंडोलहून फोन आला. "आबा, यंदा आखाजीला मी येत नाही. आई नाही तर येऊन काय करू?" तिचं चुकलं नव्हतं. सासुरवाशीण माहेरी येते ती आईकडे येते. बाप नुसता दार उघडायला असतो. मी म्हटलं, "बरं." आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात; यंदा तिच्या आईची पहिलीच होती. तेही मला बोलता आलं नाही. मंदाचा आवाज कोरडा ठणठणीत. आई गेली तेव्हाही ही पोर रडली नाही, दहाव्याला आलेल्यांना चहा हवा का विचारत हिंडत होती.

मी हे नानाला सांगितलं, ओट्यावर बसून, सहज. त्यानं अडकित्ता खाली ठेवला, घरात गेला आणि नव्या गाडीची चावी घेऊन बाहेर आला. दिलीपला फोन लावला. "तुझी गाडी घेऊन जा बेटा. भारी गाडी शे. माझ्या कामाची नही." मग ताडपत्री ओढली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत लाल गाडी घालून आम्ही धुळ्याला सलीम मिस्त्रीकडे. सलीम गाडीखाली सरपटत गेला, बराच वेळ आत राहिला, बाहेर येऊन तोंडावरचा गंज पुसत म्हणाला, "नाना, यात गाडी कमी, गंज जास्त. इंजिन काढून परत बांधावं लागेल. सामान मिळत नाही, लेथवर बनवावं लागेल. कधी पाहिजे?"

"आखाजीच्या आधी."

"पुढच्या?"

"याच."

सलीम हसला, नाना हसला नाही, तसा सलीम परत गाडीखाली सरकला.

नाना तिथंच राहिला, गॅरेजच्या बाकावर. मी अधूनमधून भाकरी घेऊन जायचो. तळाला त्यानं एसटीच्या लिलावातला ठिपक्या-ठिपक्यांचा पत्रा मारून घेतला. सीटाही एसटीच्याच, हिरव्या रेक्झिनच्या. एक दिवस नाशिककडचा कोणी साहेब तिथं आला, जुन्या गाड्यांचा शौकीन. गाडी बघून त्याचे डोळे चमकले, मग सीटा बघून पाणावले. "अहो, हे काय केलंत? ओरिजिनल ठेवायला हवी होती!"

नानानं तोंड उघडलं आणि कवळी काढून हातात घेतली. "ओरिजिनल तर मीबी राहिलो नही, साहेब. चालतो ना?"

साहेबानं गाडी मागितली. लाखांत बोलला. नाना कवळी बसवत म्हणाला, "आखाजी झाल्यावर या." साहेब खुलला. "म्हणजे देणार?" "नही. पुरणपोळी खायला."

सलीम मात्र हवालदिल होता. टप राहिला होता. त्यानं परोपरीनं सांगितलं, नाना, मी पत्र्याचा पक्का टप बसवतो, उन्हाळा आहे, पोरी लेकरं घेऊन बसतात. मीही म्हटलं, "बरोबर आहे त्याचं." नाना म्हणाला, "टप नही." का, ते सांगेना. मी वैतागलो. ज्या पोरींसाठी एवढी दुरुस्ती, त्यांच्या डोक्यावर सावली नको, आणि घंटीला मात्र नवी दोरी! मी त्याला तोंडावर येडा म्हटलं. त्यानं मान डोलावली.

आखाजी पाच दिवसांवर आली तेव्हा इंजिन चालू झालं. सलीमनं किल्ली फिरवली, एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि मग असं गरजलं की शेजारच्या चहावाल्याच्या हातातली किटली सांडली. सलीम बोनेटवर हात ठेवून लहान पोरासारखा हसत होता.

परत येताना मी शेजारी. सोनगीर सोडलं आणि पुढे एसटी. दोंडाईच्याचीच. आजवर ही लाल गाडी चाळीसच्या वर गेली नव्हती. मी समजायचो नाना भितो. भीत नव्हता, इंजिनात जीव नव्हता. नाना एसटीच्या मागे थोडा वेळ राहिला. मग हळूच म्हणाला, "भिकाभाऊ, जन्मभर माले लोकांनी ओव्हरटेक केलं. ट्रक, जीप. एकदा वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरनं केलं, वर बाया गाणं म्हणत होत्या."

समोर रस्ता मोकळा होता. मी दोरी धरली आणि ओढली. टण टण.

गाडी निघाली ती बाणासारखी. माझी टोपी गेली, ती आजतागायत गेली. एसटीच्या खिडक्यांतून माणसं बाहेर आली. ड्रायव्हरनं ओळखलं, "अरे, आपला नाना!" आणि त्यानं हॉर्न धरून ठेवला. नानानं एक हात वर केला, जसे मंत्री करतात. गावात शिरलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. पोरं मागे धावली, शेवंताकाकूनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, म्हैस मात्र लांब उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नाना एकटाच एरंडोलला गेला. मंदा त्याला दारातच म्हणाली, "नाना, मी आबांना सांगितलंय, मी येत नाही." नाना म्हणाला, "बाई, मी रिकामी गाडी डेपोत नेत नही. बसून राहतो." आणि खरंच गाडीत बसून राहिला, भर उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून. सगळा मोहल्ला जमला. शेवटी मंदाची सासूच पिशवी भरून घेऊन आली. "जा माय. नाहीतर हा म्हातारा इथं शिजायचा."

पोरगी आली. मी ओट्यावर उभा होतो. गाडी थांबली तेव्हा मंदाचं तोंड सुजलेलं, डोळे लाल, नाक लाल, केस उडालेले, आणि ती हसत होती. "आबा, काय तिखट हवा आहे तुमच्या गावची!" असं म्हणून आत गेली आणि सगळ्यात आधी तिनं आईचं खापर खाली काढलं. त्या आखाजीला आमच्या घरी पोळ्या झाल्या. घागर भरली. अंगणात झोका बांधला, त्यावर बाकीच्या पोरीही आल्या, नानानं एकेक करून आणलेल्या.

सगळ्या पोरी पोचल्यावर संध्याकाळी नाना ओट्यावर टेकला. मी म्हटलं, "आता तरी सांग. टप का नको?"

तो सुपारी कातरत राहिला. "बंद गाडीत पोरगी रडू लागली की शेजाऱ्याला ऐकू जातं. मग ती लाजते अन् गिळून घेते. त्या पांढऱ्या गाडीत तर श्वाससुद्धा ऐकू येतो. उघड्या गाडीत वारा असतो. अन् आपल्या गावाबाहेर मिरची कांडपाच्या गिरण्या. या दिवसांत चालू असतात. तिथं मी गाडी हळू करतो. म्हणतो, काय तिखट शे! अन् समोर बघतो. प्रत्येक पोरीचं वर्षाचं काही ना काही साठलेलं असतं. सासरी रडता येत नही, माहेरी आल्यावर आईबापाला वाईट वाटतं. मधेच कुठंतरी जागा पाहिजे."

"मंदा?"

"गिरण्यांपासून घरापर्यंत."

नानानं अडकित्ता मिटला. "चाल, एक चक्कर मारू. तुझंबी राहिलं शे."

"मला तिखटाचं काही होत नाही," मी म्हटलं.

"बस तर खरा."

बसलो. गिरण्यांपाशी त्यानं गाडी हळू केली आणि समोर बघू लागला. ठसका आला. मग जे यायचं होतं ते सगळं आलं, आवाजासकट. बऱ्याच वेळानं मी बाहीनं तोंड पुसून त्याच्याकडे पाहिलं. नाना रस्त्याकडेच बघत होता आणि त्याच्या गालांवरूनही पाणी चाललं होतं. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. मीही समोर बघितलं आणि म्हटलं, "काय तिखट शे रे."