नव्व्याण्णव वीत पाणी

एका जंगलात, बाळांनो, पाण्यापेक्षा पाण्याची माहिती जास्त होती.

टिटव्या तळ्यातळ्यांवर फिरत आणि कुठे किती वीत पाणी आहे ते टेकडीखालच्या माहितीकोठारात नोंदवत. या कोठाराची एक खोड होती. रकाना रिकामा सोडला की ते पुढे सरकूच देत नसे. म्हणून एखादीला उन्हाचा कंटाळा आला, तळ्यावर जाणं झालं नाही, की ती सरळ ‘९९’ टाकून मोकळी होई. ९९ म्हणजे ‘गेलेच नाही’. कोठारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोठाराबाहेरून कुणी कधी विचारलं नव्हतं.

टेकडीवर संशोधन विभाग होता. तिथे आकडेमोडीचं यंत्र होतं आणि यंत्रापाशी डॉ. उड्डाणे नावाचं वानर. यंत्र सरासरी काढी, आलेख काढी, फक्त कोठारातला आकडा त्याच्यापर्यंत पोचत नसे. म्हणून जोडणी प्रकल्प निघाला. वेल ओढले गेले. परवलीचे शब्द ठरले, विसरले, पुन्हा ठरले.

रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, कळपाची म्होरकी तानाबाई हे खालून पाहत होती. तिच्या कळपात दूधपिती वासरं होती आणि जवळचं तळं आटत चाललं होतं. वासरांच्या पायांत एकदाच कुठेतरी जाण्याइतकी ताकद उरली होती. चुकीच्या तळ्यावर गेलं तर परत फिरणं नव्हतं.

अखेर जोडणी झाली. सिंहाने दातांनी फीत कापली. यंत्रात आकडे धो धो येऊ लागले. ते कसले आहेत हे पाहायला कुणी थांबलं नाही. ते येतायत याचंच इतकं कौतुक, की टाळ्या संपेनात.

“सापडलं!” डॉ. उड्डाणे ओरडले. “काळडोह! भर उन्हाळ्यात नव्व्याण्णव वीत. आणि दर आठवड्याला तेच, एक वीतही कमी नाही. इतकं भरवशाचं पाणी जंगलात दुसरं नाही.”

काळडोह पार डोंगरापलीकडे. तिथे एकही टिटवी फिरकली नव्हती, हे तुम्हाला कळलं ना? तुम्ही अजून डॉक्टर झाला नाहीत, म्हणून कळलं.

तानाबाईने मान वर करून विचारलं, “पन साहेब, पानी पायलं कोनं?”

“पाहायचं कशाला? आता थेट जोडणी आहे.”

“एखांद्या टिटवीले तरी इचारा ना.”

“टिटवीलाच विचारायचं असतं, तर जोडणी कशाला केली असती?”

तानाबाईला वाटलं, एवढे शिकलेले साहेब, खोटं कशाला बोलतील? आणि खोटं ते बोलतच नव्हते. तिथेच तर सगळा घात होता.

कळप निघाला. काळडोहात पाणी सोडा, चिखलसुद्धा नव्हता. नुसते तापलेले दगड होते. वासरं दगड चाटत राहिली. तानाबाई त्यांच्यावर आपली सावली धरून उभी राहिली, एकेक करून सगळी आडवी होईपर्यंत.

ती कशीबशी परत आली आणि टेकडी चढली.

“डोह कोरडा हाय, साहेब. माह्यी वासरं तिथंच रायली.”

डॉ. उड्डाण्यांनी यंत्रात पाहिलं. “नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, आणि तुमचं एकच शून्य. असा एकटा पडलेला आकडा आम्ही गाळतो, बाई.”

आणि त्यांनी तो गाळला. राग येतो ना? यायलाच हवा.

वर्षअखेर अहवाल आला. जोडणी झाल्यापासून रोह्यांच्या वासरांकडून तहानेची एकही तक्रार नाही, असं त्यात जाड अक्षरांत छापलं होतं. सिंहाने डॉ. उड्डाण्यांना शाल पांघरवली.

तात्पर्य : ज्या तळ्यावर कुणीच गेलेलं नसतं, तिथे पाणी सर्वांत जास्त असतं. म्हणून शहाण्याने जागेवर जाऊन पाहू नये. पाहिलं की आटतं.