जांभळ्याला मनाई नाही

मे महिन्यात, भर दुपारी, दवनीवाड्याच्या रस्त्यावर एखादा माणूस स्वतः उन्हात भाजत आणि छत्री मात्र हातातल्या कापडी पिशवीवर धरून येताना दिसला, तर खुशाल समजा, ते आमचे झनकलालकाका. मी त्यांचा शेजारी, आणि त्या दिवशी गोंदियाहून सोबतही मीच येत होतो. "काका, डोकं झाका," म्हणालो, तर माझ्यावरच डाफरले, "टकलाचा रंग उडत नाही बापा! खड्याचा उडते!"

पिशवीत कानातल्या फुलांची जोडी होती. चांदीत बसवलेले जमुनियाचे खडे, पिकल्या जांभळाच्या रंगाचे.

ती खरेदीही बघण्यासारखी. काका सकाळी सराफाकडे बसले, ते त्याच्या जेवणाची वेळ टळली तरी उठेनात. एकेक खडा गालाला लावून पाहिला. काच लवकर तापते म्हणे, खरा खडा गारच राहतो. पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्हींचा रंग जुळवला. शेवटी सराफ वैतागला, "काका, पत्थर ले रहे हो, या दामाद देख रहे हो?"

काकांचा खरा प्रश्न तर पुढंच होता. "ह्या रंगाले कोनाची मनाई तं नाही ना?"

सराफाला ओ की ठो कळलं नाही. "मनाई कैसी? बस, ज्यादा धूप में मत रखना." झालं! तेव्हापासून ती छत्री.

मला मात्र प्रश्न कळला होता. काकांचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला. सून रेखा घरीच राहिली. धानाची शेती तीच पाहते, रोवणीच्या बायांची टोळी तीच सांभाळते. पण अंगावर एक मणी नाही. काका हे रोज बघायचे आणि आत जळायचे. मग त्यांनी बोटांवर रंगच मोजले. "काळे मनी नाही, हिरव्या बांगड्या नाही, लाल कुंकू नाही. जांभळ्याचं कोनी काही म्हनलं का? नाही म्हनलं!" असा कायदेपंडित पंचक्रोशीत दुसरा नाही, आणि तो माझा शेजारी आहे, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो.

रेखानं फुलं पाहिली, परत दिली. "ठेवा मामाजी, मंग पाहू."

काकांनी ती अशी ठेवली की विचारू नका! दर रविवारी कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, लहान पोराचा मऊ ब्रश, पुसायला जुन्या धोतराचा तुकडा. मग डबी धान साठवायच्या ढोलीत, अंधारात, घासायला नको म्हणून सोन्यापासून दूर. "तेलाचा हात लावू नोको!" हे मला, मी चार हात लांब उभा असताना.

यंदा कोहमाऱ्याला काकांच्या थोरल्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं; मीही सोबत गेलो होतो. मांडवाच्या दारातच काकांनी डबी उघडून रेखापुढे धरली. बहीण धावत आली. "काऊन रे झनक, लोक काय म्हनतील?"

"लोकायले विचार, जांभळ्याची मनाई कुठं हाय! दाखव म्हना!" काकांचा आवाज बँडच्या वर गेला. बहीण पदर सावरत आत वळली. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

रेखानं डबी हातात घेतली. हळूच म्हणाली, "घालीन मामाजी. पन मले एक सांगा. तीन सालं झाले, तुम्ही कोनाच्याच पंगतीत बसले नाही. आहेर देता आन दारातूनच वापस येता. तुमाले कोनाची मनाई हाय?"

इतक्या वर्षांचा शेजारी मी, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटायचं, काकांना घरी जायची घाई असते. मनातून फार लाजलो.

रेखानं तिथंच उभ्यानं फुलं कानांत घातली आणि ताठ मानेनं बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. मग काकांनी चपला काढल्या आणि पुरुषांच्या पंगतीत माझ्या शेजारी मांडी घातली. पत्रावळीवर भात पडला. काका त्या भाताकडे बघत राहिले, हात काही पुढं होईना.

मग त्यांनी मान वर करून समोरच्या ओळीत रेखाकडे पाहिलं, आणि वाढणाऱ्यावर ओरडले, "वरन टाक ना बापा! हात काऊन आखडून राहिला?"