दोन रिंगा सुखरूप

लोणावळ्याच्या तुंगार्लीत राहणाऱ्या अनंतरावांनी एखादी गोष्ट फुकटात होते असं एकदा ठरवलं, की ती फुकटात करण्यासाठी ते वाटेल तेवढा खर्च करत. नोकरीची बत्तीस वर्षं ते लोकलने तळेगावला उतरून रिक्षा करण्याऐवजी पुढच्या घोरावाडी स्टेशनला उतरून कारखान्यात चालत गेले, आणि त्यापायी दर वर्षी नवे बूट घेत राहिले. आता अशा माणसाला मुलगी कौमुदीच्या बाळंतपणासाठी बायको पद्मजाबाईंबरोबर हॉलंडला जायचं होतं, आणि मोबाइलच्या दुकानातल्या मुलीने त्यांना परदेशी पॅकचा दर सांगितला होता.

"एवढ्यात आमच्या घरी महिन्याचा किराणा येतो," अनंतराव तिला म्हणाले. "आणि मी तिकडून फोनवर बोलणारच नाही. मग कसले पैसे लावाल?"

निघायच्या आदल्या रविवारी त्यांनी भाजे गावच्या महिपतीला बंगल्यावर बोलावून घेतलं. महिपती त्यांची बाग बघायचा. त्याची बायको लीलाबाई तीस वर्षांपूर्वी जवळच्या मळवली स्टेशनहून रोज गाडीने लोणावळ्याला यायची आणि तीन महिन्यांच्या कौमुदीला सांभाळायची, कारण पद्मजाबाईंची शाळेत नोकरी होती. कौमुदी पहिला शब्द 'मावशी' बोलली होती, आणि पद्मजाबाईंनी ते अजून पुरतं माफ केलेलं नव्हतं. नवरा-बायको आणि सून समीक्षा, असे तिघेही आले.

"हे बघ महिपती," अनंतरावांनी त्याचा बटणाचा फोन त्याच्याच हातात देऊन समजावलं, "मी तिकडून फोन करणार, तू उचलायचा नाही. उचललास की पैसे लागले. वाजल्या किती, तेवढं मोजायचं. एक रिंग वाजली म्हणजे आम्ही पोचलो. दोन वाजल्या म्हणजे कौमुदी मोकळी झाली, दोघं सुखरूप."

"आन काई वंगाळ झालं तर?" लीलाबाईने विचारलं.

"तसं काही होणार नाही."

"न्हाईच व्हनार. पर ठरवून ठिवा."

"मग तीन," अनंतराव हसून म्हणाले.

समीक्षाने स्वतःचा मोबाइल पुढे केला. "भाऊ, माज्यावर व्हिडिओ कॉल केला तर..."

"डोंगराच्या आडोशाला तुझं नेट चालतं का कधी? आणि हे सगळं मी नीट विचार करून ठरवलंय." समीक्षाने मोबाइल खाली ठेवला.

जाताना लीलाबाई पायरीवर घुटमळली. "भाऊ, मोकळी झाली की येकदा पोरीचा आवाज ऐकवाल का? लय न्हाई. येवढा येक शबुद."

"अगं, दोन वाजल्या म्हणजे तिचाच आवाज समज की," अनंतराव म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना फार दिवस छळणार होतं, पण त्या दिवशी ते त्यांना चांगलंच जमल्यासारखं वाटलं.

ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर त्यांनी फोन चालू केला, नंबर लावला, कानात एक रिंग वाजताच कापला आणि फोन पुन्हा फ्लाइट मोडवर झोपवला. काम फत्ते. दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरातल्या वायफायवर तुंगार्लीतल्या शेजारच्या अनुष्काचा मेसेज आला, 'अभिनंदन काका! सगळ्यांना खूप आनंद झाला.'

"बघ," त्यांनी पद्मजाबाईंना दाखवलं. "आपण पोचल्याचं तुंगार्लीभर झालं. एका पैशाशिवाय."

"पोचल्याचं कुणी अभिनंदन करतं का?"

"परदेशी पोचल्याचं करतात," असं म्हणून त्यांनी उत्तर टाकलं, 'धन्यवाद, प्रवास सुखाचा झाला.' अनुष्काने त्यावर नुसताच हसरा चेहरा पाठवला. काका बावरलेत, एवढंच तिला वाटलं असावं.

दहा दिवसांनी पहाटे कौमुदीला कळा सुरू झाल्या. जावई धवल गाडी काढत होता. कौमुदी दाराची चौकट धरून उभी होती आणि मधल्या उसंतीत म्हणाली, "बाबा, मावशीला फोन लावून द्या ना. नुसतं 'घाबरू नको' म्हणू दे तिला."

"तिच्याकडे साधा फोन आहे गं. वायफायवर लागत नाही, आणि रोमिंगवर..." अनंतराव हिशेबाला लागले. तेवढ्यात पुढची कळ आली, आणि धवलने कौमुदीला गाडीत नेऊन बसवलं.

आठ वाजता मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, संतापलेली, अगदी पद्मजाबाईंच्या वळणाची. अनंतरावांना रडू आलं. डोळे पुसत ते बाहेर आले, फोन जागा केला, नंबर लावला. एक, दोन. कापला. चुकून कुणी उलट फोन केला तर उचलण्याचेही पैसे पडतात, म्हणून त्यांनी फोन पुरता बंद करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आपल्याइतका तयारीचा आजोबा या दवाखान्यात दुसरा नसेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

तिकडे बाळंतिणीला दुपारीच घरी सोडतात. दोन वाजता सगळे घरी आले, कौमुदी आत निजली आणि अनंतरावांनी फोन चालू केला. त्रेपन्न मेसेज. 'धीर धरा.' 'शब्द नाहीत.' 'पद्मजाताईंना सांभाळा.' खाली सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हात जोडले होते, आणि त्याखाली एकोणीस जणांनी.

त्यांनी वायफायवरून अनुष्काला फोन लावला.

"काका," ती दबक्या आवाजात म्हणाली, "कौमुदीताई..."

"आत झोपलीय. मुलगी झाली. तुम्हाला झालंय काय सगळ्यांना?"

ती गोंधळून म्हणाली, "मग महिपतीमामा रडत का आले? तीन वाजल्या म्हणाले. आणि मुलगी आज कशी झाली? दहा दिवसांपूर्वी त्यांनीच तर पेढे वाटले."

धवल शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याने आधी सगळी भानगड समजून घेतली आणि मग कपाळाला हात लावला. "बाबा, आपल्याला इथे ऐकू येते ती रिंग आणि तिकडे वाजते ती रिंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे एक ऐकू आली तर तिकडे दोन वाजतील, नाहीतर एकही नाही. मोजून काही उपयोग नसतो."

म्हणजे आपण पोचलो तेव्हा भाजे गावात पेढे वाटले गेले, आणि नात झाली तेव्हा रडारड. अनंतराव खुर्चीत बसले. "लीलाबाई कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"त्या दुपारीच निघाल्या," अनुष्का म्हणाली. "एकवीरादेवीच्या गडावर. अनवाणी. समीक्षाचा नंबर देऊ का?"

समीक्षाचा मोबाइल पहिल्या झटक्यात लागला. चित्र लख्ख, आवाज लख्ख. गडावर नेट उत्तम होतं. तिच्या मागे देवळाचं अंगण दिसत होतं आणि पायरीवर महिपती गुडघ्यात डोकं घालून बसला होता. तोवर बोलण्याने जागी झालेली कौमुदी बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिने वडिलांच्या हातातून फोन घेतला.

"समीक्षा, मावशी कुठंय? मावशी, अगं मी बरी आहे. ही बघ."

लीलाबाईचा चेहरा समोर आला. उन्हाने काळवंडलेला, कपाळावर भंडारा. तिने पडद्यावर बोट ठेवलं. कौमुदीच्या गालावर, मग बाळाच्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण ती बोलेना.

"मावशी, बोल की गं."

लीलाबाईने पदर तोंडाला लावला.

"आईंनी नवस बोललाय, ताई," समीक्षा म्हणाली. "तुमी दोगी नीट असाल तर बाळ हितं देवीच्या पायावर घालंपत्तोर तुमच्यासंग फोनवर बोलनार न्हाईत. लय आवडीचं कायतरी सोडायचं असतंय ना. त्यांना हेच आटवलं."

"लीलाबाई," अनंतराव फोनसमोर वाकले, "हा फोन फुकट आहे गं. कितीही वेळ बोल. तासभर बोल."

लीलाबाईने मान हलवली.

"बाळाला प्रवास कधी चालेल?" त्यांनी धवलला विचारलं.

"दिवाळीच्या आधी नाही."

कौमुदी वडिलांकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पहाटे चौकट धरून तिने मागितलं होतं ते एक वाक्य, आणि लीलाबाईने पायरीवर मागितला होता तो एक शब्द. दोन्ही त्यांच्या खिशात होते आणि त्यांनी ते वाचवले होते. दुकानातल्या त्या मुलीने सांगितलेला दर त्यांना आठवला. तो एवढा काही जास्त नव्हता.

इतक्यात लीलाबाईने फोन समीक्षाच्या हातात दिला, डोळे पुसले आणि ती देवळाच्या दाराशी गेली. टाचा उंचावून तिने घंटेला हात घातला आणि वळून आधी अनंतरावांकडे बघितलं, नीट लक्ष द्या अशा अर्थाने. मग घंटा वाजवली.

दोन वाजल्या, असं कौमुदी म्हणाली. धवलही तेच म्हणाला. पद्मजाबाईंनी तर शपथेवर सांगितलं.

अनंतरावांनी मोजल्या नव्हत्या.