हवालदारांची तोंडपरेड

आमच्या शेजारचे हणमंतअप्पा रोज सकाळी अंगणात ताठ उभे राहून तोंडाने ढोल वाजवायचे. आधी "बूं", मग "त्स", मग घशातून "क्खा". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दाढी करत होतो; गाल कापला. बायको म्हणाली, "अप्पांच्या पोटात वायू धरलाय," आणि तिने भिंतीवरून ओवा दिला. अप्पांनी तो चावला, मान डोलावली आणि पुन्हा सुरू केलं.

अप्पा फौजेतून हवालदार होऊन कोरेगावात परतलेले. या वयात ऊस बघावा, देवळात बसावं, तर ह्यांनी मोबाइलवर बघून बीटबॉक्सिंग धरलं. "तोंडाचा बँड हाय, गड्या," ते मला म्हणाले. "पयला वॉर्मअप, ओठ फुरफुरवायचं. मग एकेक आवाज सुटा. मग जोडी. मग दम मोडंस्तवर चाल. रोज, टाइमपे. परेड चुकवायची न्हाई."

ते ओठ फुरफुरवायला लागले की समोरची म्हैस दावं तोडायला बघायची. गल्लीतल्या एका म्हातारीला वाटलं, हवालदाराला कुणाची तरी नजर लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या. अप्पांनी सावधानमध्ये उभं राहून दृष्ट काढून घेतली आणि ती पाठमोरी होताच "क्खा" केलं.

मी मुळात घाबरट माणूस. फोन वाजला तरी माझ्या छातीत धडधडतं. मला वाटायचं, ह्यांची एखादी शीर तुटणार आणि दवाखान्यात मलाच न्यावं लागणार. शिवाय त्यांच्या घरात त्यांची बायको, पारूकाकी, आजारी. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय सावरले, पण वाचा गेली. अख्ख्या गल्लीला हाका मारून उठवणारी बाई तोंडाला पदर लावून घरात बसून राहायची. अशा वेळी हा धिंगाणा? एकदा मी धीर करून बोललोच.

"अप्पा, काकींना त्रास होत असेल हो. जरा हळू..."

अप्पांनी मला हाताला धरून गोठ्यामागे नेलं.

"डॉक्टरनं तिला रोज प, ट, क म्हनायला सांगितलंय. सुरवातीचं महिनंच कामाचं, म्हनला. पर तोंडातनं वाकडंच निघतंय. लोक ऐकत्याल, हसत्याल, म्हनून ती तोंडच उघडंना. तवा म्हनलं, मी एवढा गोंगाट करतो की तुझं कुणाला ऐकूच येनार न्हाई. हसू द्या की मला." मग त्यांचा आवाज उतरला. "मी वाजवतो तवा ती आत म्हनती. मी थांबलो की थांबती. म्हनून थांबायचं लय भ्या वाटतंय, रं."

त्या दिवसापासून माझी काळजी उलटी झाली. आता आवाज आला नाही की मी घाबरायचो. अप्पा खोकले तर ज्येष्ठमध घेऊन धावायचो. एकदा पेन्शनच्या कामाला ते पहाटेच्या गाडीने साताऱ्याला गेले. जाताना "ड्यूटी सांभाळ" म्हणून माझ्यावर सोपवून गेले. मी अंगणात उभा राहून जमेल तसं "बूं त्स" केलं. समोरच्या घरातून मला ओवा आला.

परवा सकाळी मात्र आवाजच नाही. अर्धी दाढी झालेली. मी तोंडावरच्या साबणासकट पळालो. अप्पा पायरीवर बसले होते, दोन्ही हात तोंडावर दाबून.

"काकी...?"

"बरी हाय," ते कुजबुजले. "मी वाजवत हुतो. ती उंबऱ्यापातूर आली आन् म्हनली," अप्पांनी दाराकडे बघितलं, "गप."

"बोलल्या?"

"बोलली! म्हनून गप बसलोय. पर पुन्यांदा ऐकावं वाटतंय. वाजवलं तर हुकूम मोडतोय, न्हाई वाजवलं तर ती म्हनंल कशाला?"

इतका पेच ह्या माणसाला सीमेवरही पडला नसेल. शेवटी त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात, एक "बूं" सोडलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"गप!"

शब्द जरा वाकडा होता, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मला भडभडून आलं. अप्पा ताडकन उठले आणि सावधानमध्ये उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात मांड्यांना चिकटलेले. सावधानमध्ये डोळे पुसायची परवानगी नसते.