जित्या पोराचं पिठलं

आमच्या लासुर्ण्याचा बबनतात्या जित्या पोरांच्या घरी पिठलं-भाकरी न्यायचा. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी नेतात, तशीच. मिसरूड न फुटलेलं पोरगं कुठं बिडी ओढताना दिसलं, की सांजच्याला हा फडक्यात गाठोडं बांधून त्या घरी हजर. भिंतीला टेकून बसणार अन् म्हणणार, "लई वाईट झालं. चांगलं पोरगं हुतं."

पोरगं समोरच उभं!

पहिल्यांदा गेला सुताराच्या घरी. सुतारणीनं ऐकलं अन् ऊरच बडवायला लागली. पोरगं तिला हलवतंय, "आये, मी हितंच हाय की गं!"

मी चौथी नापास, पण खरं ते बोलणार. शाळेत मास्तरांनी धूम्रपानाविरुद्ध मोठा फलक लावला होता. पोरं त्याच्याच सावलीला बिड्या ओढायची. पिठल्याला मात्र टरकायची. तवा एमआयडीसी नवी होती. बारामतीला कामावर जाणारे गाडीवाले गडीसुद्धा तात्या दिसला की बिडी टाकून द्यायचे.

मी पोट धरून हसायचो. अन् एका सांजेला तात्या माझ्याच उंबऱ्यात!

"कोण गेलं रं?"

"तुझा नातू. सुभ्या."

आठवीतला सुभ्या ताटावर बसलेला. घास तसाच टाकून परसात पळाला.

मी कडाडलो, "भरल्या घरात अभद्र बोलतोस? कुठं वढली त्यानं?"

"तुझ्याच चुलीम्होरं. 'जा रं, बिडी पेटवून आन,' कोण म्हनतं त्याला? वढल्याबिगर पेटती व्हय रं, आबा?"

बापानं मलाही असंच चुलीकडं धाडलेलं. त्याला बिडी ओढणं म्हणतात, हे कुणाच्या ध्यानीमनी!

पण ऐकून घेणारा मी न्हवं. सकाळी गाठोडं परत घेऊन भांडायलाच गेलो. तात्या एकटा, खर्डा-भाकरी खात बसलेला.

"गावाला पिठलं, अन् तुला खर्डा व्हय रं?"

"आमच्या दत्तूनं पयली बिडी माझ्यासाठीच पेटवली," तो म्हणाला. "खोकून खोकून गेला, तवा सारी आळी पिठलं घेऊन आली. तवापासनं घशाखाली उतरत न्हाय. करतो तेवढं."

त्याचा पोरगा दत्तू छातीच्या दुखण्यानं गेला, एवढंच गावाला ठाऊक. मी उंबऱ्यातच खाली बसलो.

माझ्याकडं न बघता तात्यानं विचारलं, "पोरगं जेवलं का मग रातच्याला?"

"न्हाय."

हातातली भाकरी तशीच ठेवून तो चपला शोधायला लागला.