यादीत नसलेले हाजी

अबू सरमदनं शुक्रवारी दुपारी एक बटण दाबलं आणि समाधानानं न्हाव्याकडे गेला. त्यानं केलं ते एवढंच. पुढचं सगळं इतरांनी केलं, असं त्याचं आजही प्रामाणिक मत आहे.

अमारा शहराच्या त्या मोहल्ल्यात नेट म्हणजे अबू सरमद. हाजी मिझहर यांच्या गच्चीवर त्याचा टॉवर, आणि तिथून पैसे भरणाऱ्या एकशे त्रेचाळीस घरांना इंटरनेट. हे काम तो स्वतःच शिकला होता, आणि स्वतः शिकलेल्या माणसाची नियमांवर भलती श्रद्धा असते. रोज पाचनंतर नेट मुंगीच्या पावलानं चालायचं. टॉवरला कोणी फुकटे चिकटलेत, याबद्दल त्याला शंका नव्हती. एरवी त्यानं खपवून घेतलं असतं. पण त्या दिवशी पाच वाजता त्याच्या मुलीला, शहलाला, मागणी घालायला माणसं यायची होती, आणि मुलाच्या घराण्यातला वडीलधारा चुलता राहत होता स्वीडनला. मागणी त्यानंच आपल्या तोंडानं घालायची, बापानं होकार द्यायचा, मग पक्कं झालं म्हणून सगळ्यांनी फातिहा पढायची. ऐन वेळी चुलत्याचं तोंड पडद्यावर अर्धवट उघडं राहून अडकलं असतं, तर मागणी झाली की नाही यावर मोहल्ल्यानं वर्षभर खल केला असता.

म्हणून त्यानं आठवडाभर खपून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या राउटरचा नंबर वहीत उतरवला, वहीतून कॉम्प्युटरवर घेतला आणि दोनदा ताडून पाहिला (तिसऱ्यांदा नुसत्या आनंदासाठी). यादीत असेल त्यालाच नेट. शिवाय दुकानावर पाटी लावली, की घरचा पासवर्ड शेजाऱ्याला देणं ही चोरी आहे. आणि मग ते बटण.

न्हाव्यानं त्याचा एक गाल उरकला न उरकला, तोच शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा फुटबॉलचा सामना थांबला. मग न्हाव्याचं गाणं बंद पडलं. अबू सरमद अर्ध्या दाढीनिशी बाहेर आला. टॉवरवरचा लाल दिवा विझला होता. तो तसाच हाजींकडे गेला.

हाजींनी स्वतः दार उघडलं, बसवलं, चहा मागवला, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"हाजी, टॉवरची वीज गेली वाटतं."

"गेली नाही. मी प्लग काढला."

अबू सरमद प्लग शोधू लागला. हाजी शांतपणे म्हणाले, "माझं नेट मघाशी बंद झालं. म्हटलं, अबू सरमद आपल्याला ओळखेनासा झाला. मग त्याचं लोखंड माझ्या विजेवर कशाला?"

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हाजींनी गच्ची दिली ती शब्दावर, आणि यानं त्यांना नेट दिलं तेही शब्दावर. आपसातली भेट वहीत मांडली की ती भेट राहत नाही, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे वहीत हाजी नव्हते, आणि वहीतून झालेल्या यादीतही नव्हते. त्यानं परोपरीनं माफी मागितली. हाजींनी माफही केलं, पण प्लगकडे काही त्यांचा हात जाईना.

"चहा घे. थंड होतोय."

अबू सरमदनं पेल्याला हात लावला नाही. पाहुण्यानं पेला तसाच ठेवला, म्हणजे त्याचं मागणं आहे. "तुम्ही हो म्हणेपर्यंत उचलणार नाही, हाजी. पाच वाजता माझ्या शहलाला मागणी घालायला येतायत. चुलता स्वीडनहून बोलणार आहे."

हाजींनी त्याच्या दाढीकडे, म्हणजे तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे, बराच वेळ पाहिलं.

"पोरीचं काम आहे हे आधी सांगावं, गाढवा," ते म्हणाले. "चहा पी."

आणि गुडघ्यावर हात टेकत उठून त्यांनी स्वतः प्लग लावला.

गल्लीभर फोन वाजू लागले. अबू सरमदनं दुसरा गाल उरकला आणि घरी पोचला, तेव्हा पाहुणे बैठकीत बसले होते, त्यांच्यापुढे कॉफी न उचललेली होती आणि भिंतीवरचा पडदा काळाठिक्कर होता. त्यानं राउटर बंद करून चालू केला. मग त्याच्या लक्षात आलं. यादीत एकशे त्रेचाळीस गिऱ्हाइकं होती आणि तो कोणाचंच गिऱ्हाईक नव्हता. स्वतःला यादीत घालायचं, तर आधी नेट हवं. नाहीतर वायर घेऊन पुन्हा हाजींच्या गच्चीवर चढायला हवं. पाहुणे कॉफीकडे बघत होते. कॉफी निवत होती.

इतक्यात त्याच्या बायकोनं, उम्म सरमदनं, दारातून आपला फोन पुढे केला. "हे घ्या. केव्हाचे थांबलेत."

फोनवर चुलता इतका लख्ख दिसत होता, की त्याच्या मिशीतले पांढरे केस मोजावेत. त्यानं मागणी घातली, अबू सरमदनं होकार दिला, फातिहा झाली, पेले उचलले गेले आणि आत बायकांनी रिवाजाप्रमाणे आनंदानं जिभा वाजवून घर डोक्यावर घेतलं. शहलाचं हसू दाराआडूनही ऐकू आलं. अबू सरमदचे डोळे भरून आले, पण ओठ बायकोच्या कानाशी होते.

"तुला नेट कुठून आलं?"

"भिंतीपलीकडच्या उम्म विसामचं. दोन वर्षं झाली. आपलं फार अडकतं हो."

तेवढ्यात स्वीडनहून चुलता म्हणाला, "इतकं स्वच्छ चित्र आमच्या इथंही येत नाही. नेट कुणाचं?"

सगळ्या पाहुण्यांनी कौतुकानं मुलीच्या बापाकडे पाहिलं. बापानं घसा साफ केला.

"माझं," आतल्या बायकांमधून उम्म विसाम म्हणाली. "कुणाला पासवर्ड हवा असेल तर सांगते."