एकोणपन्नास कलमांचं गणित

जितेंद्र सर सावंतवाडीत गणित शिकवून शिकवून पार थकले होते. पण आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे आपल्या गणिताबाहेर नाहीत, याची त्यांना पक्की खात्री होती. जामसंड्याला त्यांच्या मोठ्या बहिणीची, सुशीलाताईची, एकोणपन्नास कलमं. सात ओळी, ओळीत सात. ताई दर वर्षी सगळी बाग सरसकट फवारायची. सरांना ते बघवेना. त्यांनी चौकटींचा कागद काढला. एक चौकट म्हणजे एक कलम. निरोगी असेल तर शून्य, तुडतुडे असतील तर एक. एकाला चार बाजूंनी लागून असलेली चौकट, तिरकी सोडून, पुढच्या आठवड्यात एक होणार. संपला नियम! जिथे एक, तेवढंच फवारायचं.

वर्षभराचा संसार त्या मोहोरावर, म्हणून ताई बिचकत होती. पण सख्खा भाऊ पडला प्रोफेसर. ती हो म्हणाली.

बाग सांभाळणाऱ्या विश्रामने झाडं बघून कागद भरला. कोपऱ्यात तीन एक, बाकी सगळी शून्यं. तीन कलमं फवारून सर निर्धास्त परतले.

आठवड्याने ताईचा फोन आला, मधल्या कलमाची पानं चिकट लागतात, तुडतुडे तर नसतील ना म्हणून. सरांनी कागद बघून सांगितलं, तिथे शून्य आहे. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. शून्यच होतं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला नाही, तेव्हा मात्र सर घाबरून स्वतःच आले.

पंचवीस कलमांचा मोहोर काळा पडून गळत होता. अगदी मधल्या कलमाला हात लावला, तर तुडतुड्यांचा ढगच उठला. इथे शून्य कसं लिहिलंस, असं सरांनी विश्रामला विचारलं.

"सर, ता राखणदाराचा झाड," विश्राम म्हणाला. "देवाच्या झाडाक कीड लागली, असा मी कसा लिवतलंय?"

खरंच होतं. दर वर्षी बाकीच्यांबरोबर तेही मुकाट फवारलं जायचं; लिहायची पाळीच कुणावर आली नव्हती.

सर दमून खाली बसले. सवयीने मधल्या चौकटीत एक लिहिला आणि पुढचे तीन आठवडे मोजले. पाच, तेरा, पंचवीस! एकसुद्धा झाड चुकलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हुशारी वाटली. आपला नियम कसा तंतोतंत खरा ठरला, हे त्यांनी ताईला बोट ठेवून ठेवून समजावलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं.

"बरा झाला," ती म्हणाली. "मगे जितू, औंदा आंबे ह्या कागदाक लागतले?"